विणीच्या हंगामातील बजींचा आहार : दाणे, मऊ खाणे आणि पूरके

चंडोल (धागाकर्ता)

पावसाळा सरत आला की बजी (बजरीगर, पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पोपट) पाळणाऱ्यांच्या घरी, पक्षी ज्यांत अंडी घालतात ती मडकी धुऊन उन्हात वाळवण्याची लगबग सुरू होते. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात अंड्याचे कवच मऊ निघाले, पिल्ले आठवड्याभरात गेली, मादी अंडे अडकून दगावली, अशा बातम्याही येऊ लागतात. प्रत्येक घटनेचे कारण वेगळे असू शकते. तरी पुष्कळदा मूळ आहारात सापडते, आणि तेही मडके लावल्यानंतरच्या नव्हे, तर त्याआधीच्या महिन्याभराच्या आहारात. मादीचे शरीर अंड्यांसाठी लागणारा साठा आधीच करून ठेवते. अंडी दिसू लागल्यावर पाण्यात औषधाचे थेंब टाकून तो साठा भरून निघत नाही. या धाग्यात मला मुख्यतः हेच मांडायचे आहे.

बजी हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरड्या गवताळ प्रदेशातला पक्षी. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० मध्ये जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि तेथून तो जगभरच्या पिंजऱ्यांत पोचला. त्याच्या मायभूमीत पाऊस नेमाने पडत नाही. जेव्हा पडतो तेव्हा गवत उगवते, त्याचे दाणे चिकात येतात आणि त्या सुमारास हे थवे वीण सुरू करतात. म्हणजे निसर्गात या पक्ष्याला दोन प्रकारचे अन्न मिळते : एरवी जमिनीवर पडलेले वाळके दाणे, आणि विणीच्या काळात कोवळे, ओलसर, पिल्लांना भरवायला सोपे दाणे. आपल्या पिंजऱ्यात मात्र बाराही महिने वाळके दाणे असतात. भिजवलेले दाणे, मोड आणि अंड्याचे मऊ खाणे ही त्या दुसऱ्या प्रकारच्या अन्नाची भरपाई आहे, पक्ष्याचे लाड नव्हेत.

प्रथम रोजच्या दाण्यांविषयी. आपल्याकडच्या मिश्रणात राळा (पक्ष्यांच्या दुकानात यालाच कांग किंवा कांगणी म्हणतात), वरी, बाजरी आणि जमल्यास कॅनरी सीड (एका गवताचे बारीक दाणे) असावे. राळ्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १२ ग्रॅम प्रथिने असतात, ही चांगली गोष्ट आहे. पण कॅल्शियम अवघे ३१ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस सुमारे २९० मिलिग्रॅम असतो. पक्ष्याला फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त लागते आणि येथे प्रमाण नेमके उलटे, नऊ पटींनी उलटे आहे. बाजरीची स्थिती थोडीफार तशीच. नाचणीत सुमारे ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून मूठभर नाचणी मिश्रणात जरूर घालावी. परंतु धान्यातील फायटेट या खनिजांना बांधून ठेवणाऱ्या द्रव्यामुळे त्यातले सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही, त्यामुळे केवळ नाचणीवर विसंबू नये. आता मादीकडे पाहा. साधारण ३५ ते ४० ग्रॅम वजनाची मादी एक दिवसाआड एक अशी ४ ते ६ अंडी घालते आणि प्रत्येक अंडे जवळपास २ ग्रॅमचे असते. स्वतःच्या वजनाचा पाव हिस्सा ती पंधरवड्याच्या आत अंड्यांच्या रूपाने बाहेर टाकते. नुसत्या दाण्यांवर असलेली मादी हे कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून काढते, आणि हाडे रिकामी झाली की कवच मऊ पडते.

सूर्यफूल, करडई, तीळ आणि जवस यांत तेल पुष्कळ असते. थंडीच्या दिवसांत किंवा पिल्ले भरवताना ते चिमूटभर चालते. एरवी बजीला चरबी फार लवकर चढते, आणि चरबी चढलेल्या मादीला अंडे घालणे कठीण जाते. "सूर्यफुलाने पक्षी गरम होतो आणि लवकर जोडी लागते" असे काही विक्रेते सांगतात. त्यात पक्ष्याचे हित नाही.

दाणे जिवंत आहेत की नाहीत, हे घरीच तपासता येते. मूठभर राळा रात्रभर भिजवून फडक्यात बांधून ठेवावा. दोन दिवसांत बहुतेक दाण्यांना कोंब आले नाहीत तर तो माल जुना किंवा किडका आहे. मात्र पेरणीचे बियाणे पक्ष्यांना कधीही घालू नये. कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले असते, त्याच्यावर लालसर किंवा गुलाबी रंगाचा लेप दिसतो आणि ते विषारी असते. खाण्याचे धान्य किराणा दुकानातून किंवा थेट शेतकऱ्याकडून घ्यावे. दमट हवेत धान्यावर येणाऱ्या बुरशीचे विष यकृतावर घाला घालते आणि ते धुऊन किंवा वाळवून जात नाही. कुबट वास येणारे धान्य टाकूनच द्यावे.

मऊ खाण्यात मी दोन गोष्टी महत्त्वाच्या मानतो. पहिली, मोड आलेले दाणे आणि कडधान्य. राळा, बाजरी, मूग आणि मटकी रात्री भिजवावी, सकाळी दोन-तीन पाण्यांनी धुवावी आणि कोंब नुसता डोकावला की द्यावी. लांब मोड काढण्याची गरज नाही. तृणधान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि मुगात ते भरपूर असते. मुगात जे मिथिओनिन कमी पडते ते तृणधान्य पुरवते. आपल्या ताटातल्या वरण-भाताचे जे गणित, तेच येथे लागू पडते. दुसरी गोष्ट उकडलेले अंडे. कोंबडीचे अंडे किमान दहा-बारा मिनिटे पूर्ण कडक उकडावे, कुस्करावे, त्यात किसलेले गाजर आणि जाडसर भाजलेला नाचणीचा किंवा गव्हाचा रवा मिसळून ते मोकळे, भुरभुरीत करावे. चिकट गोळा झाला तर पक्षी तोंड लावत नाहीत आणि तो आंबतोही लवकर. उकडलेल्या अंड्याचे कवच पुन्हा उकळून, वाळवून, बारीक कुटून त्यातच घालावे. हे कवच जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेटच असते. आपल्या हवेत हे खाणे दोन तासांच्या वर पिंजऱ्यात राहू देऊ नये.

हिरव्या भाज्यांत शेवग्याचा पाला मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात कॅल्शियमही आहे आणि शरीरात अ जीवनसत्त्वात रूपांतर होणारे कॅरोटीनही. नुसत्या दाण्यांवर वाढलेल्या पक्ष्यात अ जीवनसत्त्वाची उणीव हमखास असते आणि तिच्यामुळे श्वसनमार्गाचे व तोंडाचे अस्तर बिघडते. कोथिंबीर, मेथी आणि गाजर उत्तम. पालक व माठ अधूनमधून चालतील. त्यांतील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून विणीच्या काळात त्यांवर भर नको. ॲव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, लसूण, मीठ घातलेले पदार्थ यांतले काहीही पिंजऱ्यात जाऊ नये. ॲव्होकॅडो तर बजीला जीवघेणे ठरते.

समुद्रफेन (कटलफिश या सागरी प्राण्याच्या अंगातले पांढरे कवच) पिंजऱ्यात बाराही महिने टांगलेले असावे. मादी आपल्या गरजेप्रमाणे ते कुरतडते. अंडी येण्याआधी तिची कुरतडण्याची गती वाढलेली आपल्याला दिसते, आणि त्यावरून मडक्यात काय चालले आहे हे कळते. त्याच्या जोडीला आयोडीन असलेला मिनरल ब्लॉक (खनिजांची वडी) हवा. दाण्यांत आयोडीन नगण्य असल्याने बजीची गळ्यातील थायरॉइड ग्रंथी सुजते आणि श्वास घेताना बारीक चीं-चीं किंवा टकटक आवाज येतो; या जातीत हा विकार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे.

पूरकांविषयी माझे मत असे की ती मऊ खाण्यात मिसळूनच द्यावीत. कोरड्या दाण्यांवर टाकलेली पूड पक्षी टरफलासकट फेकून देतो. पाण्यात घातलेली जीवनसत्त्वे उजेडाने आणि उष्णतेने निकामी होतात, पाणी बुळबुळीत होते, आणि मूळचा कोरड्या प्रदेशातला हा पक्षी पाणी मुळातच कमी पीत असल्याने कोणाच्या पोटात किती गेले याचा हिशेब राहत नाही. ज्यांचे पक्षी चांगल्या प्रतीच्या पेलेटवर (तयार खाद्याच्या गोळ्यांवर) आहेत, त्यांनी वेगळी जीवनसत्त्वे देऊ नयेत. ती पेलेटमध्ये असतातच. आणि दाण्यांवरून पेलेटवर नेण्याचा प्रयोग विणीच्या काळात अजिबात करू नये. आई-बाप नवे अन्न ओळखेपर्यंत पिल्ले उपाशी मरतात.

वेळेचे म्हणाल तर मडके लावण्याच्या तीन-चार आठवडे आधी मऊ खाणे सुरू करावे : आधी आठवड्यातून दोन-तीनदा, मग एक दिवसाआड. नराला विसरू नये, कारण बसलेल्या मादीला तोच भरवतो. पिल्ले फुटली की मऊ खाणे सकाळ-संध्याकाळ, रोज.

आपापले अनुभव आणि मतभेद अवश्य लिहावेत.

---

सुगरण

चंडोलकाका, अतिशय उपयुक्त लेख. आमच्या घरी अंडे आणत नाहीत, आणि सासूबाईंच्या भावनेचा मान मला राखायचा आहे. अंड्याशिवाय जोडीची वीण नीट होऊ शकेल का, की हा छंद आम्ही जोड्या न लावता केवळ पक्षी सांभाळण्यापुरताच ठेवावा? शेजारच्या आजी दुधात भिजवलेला पाव देण्यास सांगतात. ते योग्य आहे का?

चंडोल

ताई, अंड्याशिवाय वीण होऊ शकते, फक्त कडधान्य आणि कॅल्शियम या दोन बाबतींत अधिक काटेकोर राहावे लागेल. मोड आलेले मूग आणि मटकी रोज द्या, मूग मऊ वाफवून दिलेत तरी चालेल. त्यांच्याबरोबर राजगिऱ्याचे दाणे द्या. तृणधान्यांत जे लायसिन कमी असते, ते राजगिऱ्यात चांगल्या प्रमाणात असते. मूग, राजगिरा आणि मोड आलेला राळा एकत्र केला म्हणजे प्रथिनांची प्रत बरीच सुधारते. मात्र राजमा आणि तत्सम मोठ्या शेंगांचे दाणे कच्चे किंवा नुसते मोड काढून देऊ नका; पूर्ण शिजवल्याशिवाय ते विषारी असतात. अंड्याच्या कवचाऐवजी समुद्रफेन किसून मऊ खाण्यात घालता येईल. अर्थात तेही एका सागरी प्राण्याचेच कवच आहे, तेव्हा घरात विचारून घ्यावे. ते चालत नसेल तर खनिज कॅल्शियम कार्बोनेटचा ब्लॉक वापरा. ब जीवनसत्त्वाचा १२ हा प्रकार वनस्पतींतून मिळत नाही, म्हणून अंडे वर्ज्य असेल तेथे पशुवैद्यांना विचारून जीवनसत्त्वाचे पूरक देणे मला आवश्यक वाटते. जोडी वर्षातून एकदाच लावा आणि पिल्ले चार असतील तर तेवढ्यावर समाधान माना.

दूध-पाव देऊ नका. पक्ष्यांना दुधातील साखर पचत नाही, शिवाय दूध दुपारपर्यंत नासते आणि त्याने हगवण लागते. आजींच्या काळापासून ही रीत चालत आली आहे, त्यामागे मायाच आहे. पण पिल्लांना तिचा त्रास होतो.

---

हळद्या

मी रत्नागिरी जिल्ह्यात राहतो. समुद्रफेन आमच्या किनाऱ्यावर फुकट मिळते. ते तसेच वापरावे का? दुसरे असे की मी ज्यांच्याकडून पक्षी घेतले त्यांनी कोंबड्यांचे द्रव कॅल्शियम वर्षभर रोज पाण्यात घालायला सांगितले आहे, आणि ते संपले असेल तेव्हा खाण्याच्या चुन्याची निवळी. माझे पक्षी घराच्या आत काचेच्या खिडकीजवळ असतात, तेथे सकाळचे ऊन चांगले येते. पावसाळ्यात मोड काढायला घेतले की ते आंबतात, त्यावरही काही उपाय असल्यास सांगावा.

टिटवी

मी पशुवैद्यकाचे शिक्षण घेत आहे, म्हणून कॅल्शियमविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

कॅल्शियम पोटात गेले म्हणजे ते रक्तात गेले असे होत नाही. आतड्यातून ते शोषले जाण्यासाठी ड३ जीवनसत्त्व लागते. वनस्पतींतील ड२ पक्ष्यांच्या फारसे उपयोगी पडत नाही. ड३ एक तर आहारातून मिळावे लागते किंवा उन्हातील अतिनील-ब किरणांनी शरीरात तयार व्हावे लागते. हळद्यादादा, तुमची अडचण येथे आहे. हे किरण खिडकीची काच अडवते. काचेआडून येणारे ऊन उबदार वाटते, पण त्याने ड३ तयार होत नाही. सकाळी अर्धा तास पिंजरा अंगणात किंवा व्हरांड्यात प्रत्यक्ष उन्हात ठेवा. पिंजऱ्याचा निम्मा भाग सावलीत राहील असे पाहा, आणि मांजर, कावळा व साप यांच्यावर लक्ष राहील असे कोणीतरी जवळ असू द्या.

कोंबड्यांची द्रव औषधे विषारी नाहीत, परंतु बाटलीवरील मात्रा कोंबड्यांच्या संख्येवर ठरवलेली असते. एक कोंबडी वजनाने चाळीस-पन्नास बजींएवढी असते, आणि येथे थेंबांचा अंदाज चुकणे सोपे आहे. यांतील पुष्कळ औषधांत ड३ मिसळलेले असते. ते चरबीत साठते, लघवीवाटे सहज निघून जात नाही, आणि वर्षभर साठत राहिले की मूत्रपिंडात कॅल्शियमचे थर बसतात. ड३ कमी पडलेला पक्षी आणि ड३ जास्त झालेला पक्षी हे दोघेही बाहेरून सारखेच सुस्त दिसतात, त्यामुळे दुखणे ओळखू येईपर्यंत उशीर झालेला असतो. कॅल्शियमचे द्रव पूरक वीण सुरू होण्याच्या सुमारास, ठरावीक दिवस आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेल्या मात्रेतच द्यावे. वर्षभर तर मुळीच नको.

चुन्याची निवळी बंद करा. ती तीव्र अल्कधर्मी असते, तिचा सामू १२ च्या वर जातो. एवढ्या लहान पक्ष्याच्या तोंडाला, अन्ननलिकेला आणि गळ्यातील पिशवीला तिचा दाह होऊ शकतो, आणि चव आवडली नाही म्हणून पक्ष्याने पाणीच सोडले तर बसलेल्या मादीचे हाल होतात.

एक महत्त्वाची गोष्ट येथेच सांगते. मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुगवून बसली, शेपटी श्वासाबरोबर वरखाली होऊ लागली, ती कुंथताना दिसली किंवा पोटाखालचा भाग फुगला, तर अंडे अडकले आहे असे समजून चालावे. तिला शांत, अंधाऱ्या, सुमारे ३० अंश सेल्सिअसच्या उबेत ठेवावे, हवेत ओलावा राहील असे पाहावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. पोट दाबून अंडे ढकलणे, खोबरेल किंवा एरंडेल तेल आत सोडणे, अंडे टोचून फोडणे यांतले काहीही घरी करू नये. फुटलेल्या कवचाने आतला भाग फाटतो. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हे प्राण्यांचे रुग्णालय ठाऊक असेलच. गावाकडे पक्षी तपासणारे डॉक्टर दूर असतात, म्हणून जोडी लावण्याआधीच जवळात जवळचे कोण आहेत, ते कोणत्या दिवशी असतात, याची चौकशी करून ठेवावी.

चंडोल

टिटवीताई, मनापासून आभार. हळद्या, किनाऱ्यावरचे समुद्रफेन चालते, मात्र डांबराचे किंवा तेलाचे डाग असलेले घेऊ नका. गोड्या पाण्यात काही दिवस भिजत ठेवा, पाणी रोज बदला, त्यातला खारटपणा आणि मासळीचा वास गेला की उकळून कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात मोडांचा हट्ट धरू नका. दाणे रात्रभर भिजवून, सकाळी स्वच्छ धुऊन, चाळणीवर निथळून तसेच द्या. किंवा मूग मऊ वाफवून गार करून द्या. भिजवलेल्या दाण्यांना आंबूस वास आला तर ते टाकून द्यावेत, धुऊन पुन्हा वापरू नयेत. कोरडे धान्य थोडे थोडे आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. जागा असेल तर ते काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरा. त्याने सोंडे आणि त्यांची अंडी मरतात.

---

धीवर

लेखाशी बहुतांशी सहमत आहे, तरी एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. मादी अंड्यांवर बसली की मी अंड्याचे खाणे पूर्ण थांबवतो. ते सुरू ठेवल्यास मादीची विष्ठा पातळ होते, मडके घाण होते, अंड्यांना ती लागून बसते. आणि नर जास्त तरतरीत होऊन मादीला अंड्यांवरून उठवत राहतो. मी या १८ दिवसांत फक्त दाणे, समुद्रफेन आणि थोडी कोथिंबीर देतो, आणि पहिले पिल्लू फुटले की त्याच दिवशी मऊ खाणे पुन्हा चालू करतो. मी कॉलनी पद्धतीने, म्हणजे अनेक जोड्या एकाच मोठ्या पिंजऱ्यात, पक्षी ठेवतो, त्यामुळे एक जोडी अंड्यांवर आणि दुसरी पिल्लांवर असेल तर हे जमत नाही, म्हणून बसलेल्या जोड्या वेगळ्या पिंजऱ्यांत हलवाव्या लागतात.

चंडोल

तुमच्या निरीक्षणात तथ्य आहे. शेवटचे अंडे घातले गेल्यानंतर मादीची प्रथिनांची गरज खरोखरच उतरते, तेव्हा मऊ खाणे कमी करणे मलाही मान्य आहे. पूर्ण थांबवायला मात्र माझा विरोध राहील, आणि त्याचे कारण अंड्यांच्या क्रमात आहे. अंडी एक दिवसाआड येतात आणि मादी बहुधा पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच बसते. म्हणजे ती बसलेली दिसते तेव्हा तिच्या पोटात पुढची अंडी तयार होतच असतात. त्या दिवसांत खाणे थांबवले तर शेवटच्या अंड्यांचे कवच पातळ होते. म्हणून निदान शेवटचे अंडे येईपर्यंत मऊ खाणे चालू ठेवावे. त्यानंतर मी ते आठवड्यातून दोनदा, चमचाभर एवढेच ठेवतो. एवढ्याने पक्ष्यांना त्या चवीची सवय राहते आणि पहिले पिल्लू फुटते तेव्हा ते अन्न त्यांना परके वाटत नाही.

कॉलनीविषयी तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. तेथे कोणी किती खाल्ले हे कळत नाही, दांडगी मादी मऊ खाण्याची वाटी अडवून बसते. कॉलनीतच ठेवायचे असेल तर वाट्या जोड्यांपेक्षा जास्त आणि एकमेकींपासून लांब असाव्यात.

---

सातभाई

मी नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियात आहे आणि एका सुट्टीत ॲलिस स्प्रिंग्सच्या बाजूला चांगल्या पावसानंतर जाण्याचा योग आला. पाणवठ्यावर उतरणारा हिरव्या बजींचा थवा पाहिल्यावर, आपल्या पिंजऱ्यातला पक्षी मुळात कसा जगतो, याची कल्पना आली. हे सगळे पक्षी जमिनीवर आणि बुटक्या गवतात चरत होते. तेथील स्पिनिफेक्स आणि मिचेल गवताचे दाणे अगदी बारीक असतात, आपल्या राळ्याहूनही बारीक. त्यामुळे मोठ्या तेलबियांविषयी चंडोल यांनी जे लिहिले आहे ते मला पूर्ण पटते. आणखी एक सुचवावेसे वाटते. येथे पक्षिपालक विणीच्या काळात अर्धवट पिकलेल्या गवताची कणसे आवर्जून देतात. महाराष्ट्रात भाद्रपदाच्या सुमारास बाजरी चिकात येते. फवारणी न केलेल्या शेतातील हिरवी कणसे मिळाली तर ती जरूर टांगून पाहावीत.

चंडोल

उत्तम सूचना. "फवारणी न केलेल्या" हे शब्द सर्वांनी ध्यानात ठेवावेत. ओळखीच्या शेतकऱ्याकडूनच कणसे घ्यावीत, आणि रस्त्याकडेचे गवत तोडून घालू नये.

---

सुगरण

तुम्ही सांगितल्याप्रमाणे मूग, राजगिरा आणि राळा सुरू केला. पाच पिल्ले फुटली आहेत. थोरली चार टुकटुकीत आहेत, शेंडेफळ मात्र फारच लहान दिसते. थोरल्यांपैकी एकाचा एक पाय बाजूला फाकल्यासारखा वाटतो. दाण्यांची वाटी तर नेहमी भरलेली असते. मी त्या लहान पिल्लाला हाताने भरवू का?

चंडोल

ताई, आधी वाटीतल्या दाण्यांवर फुंकर मारून पाहा. बजी दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. वरून वाटी भरलेली दिसते आणि आत नुसता कोंडा असतो. पिल्ले असताना जोडीचे खाणे कितीतरी पटींनी वाढते, म्हणून वाटी दिवसातून दोनदा पाखडून पुन्हा भरा.

शेंडेफळ लहान असणे स्वाभाविक आहे. अंडी एक दिवसाआड घातलेली असल्याने पाच पिल्लांत पहिल्या आणि शेवटच्या पिल्लाच्या वयात आठवड्याभराचे अंतर पडते. पहिल्या दिवसांत आई आपल्या जठराच्या पुढच्या भागात तयार होणारा पातळ, प्रथिनयुक्त स्राव भरवते आणि मग हळूहळू दाण्यांवर आणते. म्हणून लहानग्याला वेगळे अन्न लागते, आणि हे आई स्वतःच जाणते. पिल्लाच्या गळ्यातील पिशवी पातळ कातडीतून सहज दिसते. संध्याकाळी ती सगळ्यांची भरलेली आहे का, ते पाहा. शेंडेफळाची पिशवी भरलेली असेल तर त्याला हात लावू नका. सलग दोन-तीन वेळा रिकामी दिसली, तर त्याच वयाची पिल्ले असलेल्या दुसऱ्या जोडीकडे ते सोपवणे हा उत्तम मार्ग आहे. हाताने भरवणे हे शिकून करण्याचे काम आहे. अन्न श्वासनलिकेत गेले की पिल्लू तेथल्या तेथे जाते, फार गरम असले तर पिशवी भाजते, फार थंड असले तर ते पचत नाही.

फाकलेल्या पायाविषयी टिटवीताईंनी सांगावे.

टिटवी

पाय फाकण्यामागे सहसा दोन कारणे असतात आणि ती पुष्कळदा एकत्र येतात. हाडांना कॅल्शियम आणि ड३ कमी पडलेले असते, आणि मडक्याचा तळ गुळगुळीत असल्याने पिल्लाचे पाय घसरत राहतात. मडक्यात लाकडाचा जाडसर, कोरडा भुसा घाला. अगदी बारीक भुकटी नको, ती नाकात जाते. पिल्लू दहा-बारा दिवसांच्या आतले असेल तर डॉक्टर दोन्ही पाय मऊ पट्टीने योग्य अंतरावर बांधून देतात आणि पाय बरेचदा सरळ होतो; हाडे टणक झाल्यावर हा उपाय चालत नाही, म्हणून उद्याच नेऊन दाखवा. त्या पिल्लाच्या तोंडात थेट कॅल्शियमचे थेंब सोडू नका. आई-बापांच्या मऊ खाण्यात कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड मिसळा आणि पिंजरा सकाळच्या उन्हात ठेवा; पिल्लाला जे हवे ते त्यांच्यामार्फत मिळेल.

सुगरण

आज डॉक्टरांनी पट्टी बांधून दिली. वाटीत खरोखरच वर कोंडा आणि खाली मोजके दाणे होते. आता दोनदा पाखडते आहे, शेंडेफळाची पिशवी काल संध्याकाळी भरलेली होती. पिल्ले मडक्याबाहेर आल्यावर काय बदल करावा, आणि मादीने पुन्हा अंडी घालायला सुरुवात केली तर तिला थांबवावे का?

चंडोल

वाचून बरे वाटले. पिल्ले साधारण ३० ते ३५ दिवसांची झाली की बाहेर येतात, पण त्यानंतरही आठवडा-दोन आठवडे बापच त्यांना भरवतो. त्या दिवसांत मऊ खाणे अजिबात कमी करू नका. ती वाटीपाशी जायला भितात, म्हणून तळाशी स्वच्छ कागद पसरून त्यावर भिजवलेला राळा विखरून ठेवा आणि राळ्याची कणसे खाली, त्यांच्या उंचीवर बांधा. कणसाशी खेळता खेळता पिल्लू दाणा सोलायला शिकते. पिल्लू स्वतः टरफल सोलून दाणा गिळते आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याला आई-बापांपासून वेगळे करू नका.

मादीला थांबवणे आवश्यक आहे. पहिल्या विणीत तिच्या हाडांतले कॅल्शियम वापरले गेले आहे आणि एका पिल्लाचा पाय फाकला, यावरून तो साठा आधीच बेताचा होता असे दिसते. शेवटचे पिल्लू बाहेर पडले की मडके लगेच काढा. तोवर तिने नवी अंडी घातलीच असतील तर ती एकेक करून उचलू नका. अंडी नाहीशी झाली की मादी त्यांची भर म्हणून आणखी घालत राहते. पिल्ले खाऊ लागल्यावर नर आणि मादी वेगळे ठेवा, खोलीतला दिवा लवकर मालवा आणि मूग-राजगिरा आठवडाभरात उतरवत आठवड्यातून एकदावर आणा. समुद्रफेन, मिनरल ब्लॉक, शेवग्याचा पाला आणि ऊन मात्र चालू राहू द्या. हाडांची झीज याच विश्रांतीच्या महिन्यांत भरून निघते, आणि पुढचे मडके पुढच्या पावसाळ्यानंतरच लावावे.